वाढलेल्या धनाचे दान आणि मिशनचे ऋण



डिसेंबरातील आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेत एक ठराव आला. तो संमत झाला नाही आणि फेटाळलाही गेला नाही. "पुढील सभेत विचार व्हावा" एवढाच शेरा इतिवृत्तात पडला. मंडळाच्या कामात पुष्कळ ठराव याच शेऱ्याखाली विसावतात. हा तसा विसावू नये अशी आमची इच्छा असल्यामुळे हा लेख लिहीत आहोत.

ठराव असा होता. मंडळातील एका कुटुंबाकडे येथील पहिल्या नोकरीच्या काळात घेतलेले काही शेअर आहेत. त्यांची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट झाली आहे. त्यांतील काही शेअर त्या कुटुंबाला अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील एका मिशन रुग्णालयास साहाय्य करणाऱ्या अमेरिकेतील धर्मादाय संस्थेला द्यावयाचे आहेत. मंडळाने इतर सभासदांनाही तसे आवाहन करावे, अशी त्यांची विनंती होती. कारण सांगताना त्या घरच्या ताई फार बोलल्या नाहीत. त्यांच्या आजीच्या काळी गावचा वैद्य महारवाड्यातील रोग्याची नाडी पाहत नसे; अंतरावरून पुडी टाकीत असे. आजीचे तिसरे बाळंतपण अडले तेव्हा तिला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरीणबाईंनी जात विचारली नाही. त्या बाळंतपणात जन्मलेले मूल म्हणजे ताईंचे वडील. एवढे सांगून त्या खाली बसल्या.

त्यानंतर जी चर्चा झाली ती कटू नव्हती, पण तिच्यात एक संकोच होता, आणि तो उघड मांडला पाहिजे. एक ज्येष्ठ बंधू म्हणाले, "आपण एक धर्म सोडून आलो, तो दुसऱ्या धर्माच्या प्रचाराला पैसे पुरवण्यासाठी नव्हे." दुसऱ्यांनी विचारले, "आपले विहार अजून भाड्याच्या जागेत आहे, त्याचे काय?" एका तरुणाने हळू आवाजात सांगितले, की मिशनला पैसे दिल्याचे गावी कळले तर तेथील नातेवाइकांना उत्तरे द्यावी लागतील. तिन्ही आक्षेप खरे आहेत. त्यांपैकी एकही हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

परंतु ही चर्चा ज्या जागी चालली होती त्या जागेकडे सभेतील कोणाचे लक्ष गेले नाही. आम्ही बसलो होतो एका चर्चच्या तळघरात. गेली अनेक वर्षे १४ एप्रिल असो, वैशाख पौर्णिमा असो वा मुलांचा धम्मवर्ग असो, याच तळघरातील घडीच्या खुर्च्या आम्ही मांडतो आणि आवरतो. भाडे नाममात्र असते. बाबासाहेबांची तसबीर आणि बुद्धमूर्ती ठेवण्यासाठी त्या मंडळींनी आम्हांला एक कपाट दिले आहे, आणि त्याची किल्ली आमच्याच सचिवांजवळ असते. हे चर्च काँग्रिगेशनल परंपरेचे आहे. ज्या अमेरिकन बोर्डाने १८१३ साली मुंबईस पहिले अमेरिकन मिशनरी पोहोचवले, ते बोर्ड मॅसॅच्युसेट्समधील याच परंपरेच्या लोकांनी १८१० साली उभे केले, आणि त्याचे कार्यालय बोस्टनला होते. पुढे १८३१ मध्ये त्याचे काम अहमदनगरास सुरू झाले. म्हणजे ताईंच्या आजीपर्यंत पोहोचलेल्या औषधाची वाट आमच्या सभागृहाच्या जवळपासूनच सुरू झाली होती.

त्या वाटेवर आमचेही पुष्कळ काही आहे. सिंथिया फॅरार या बाई १८२७ साली अमेरिकन बोर्डाने पाठवलेल्या. परदेशी गेलेल्या पहिल्या अविवाहित अमेरिकन स्त्री मिशनऱ्यांत त्यांची गणना होते. अहमदनगरातील त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण त्यांच्याकडे घेतले. १८६२ साली बाईंनी अहमदनगरातच देह ठेवला. मिशनचे 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ साली सुरू झाले. त्याच पत्राने १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. आमच्या साहित्यपरंपरेचा आरंभ सांगताना आम्ही त्या निबंधाचे नाव अभिमानाने घेतो. तो कोणाच्या छापखान्यातून बाहेर पडला हे मात्र क्वचितच उच्चारतो. मिरजेस डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली उभारलेले रुग्णालय दक्षिण महाराष्ट्रातील किती घरांच्या आठवणीत आहे, हे आमच्याच मंडळातील सांगली-कोल्हापूरकडच्या सभासदांना विचारावे.

हा सारा पैसा श्रीमंतांच्या तिजोरीतून आलेला नव्हता. येथील चर्चमधील स्त्रियांनी मिशनसाठी वेगळी मंडळे काढली होती. घरोघरी पुठ्ठ्याच्या लहान पेट्या ठेवून त्यांत सुटी नाणी टाकली जात आणि वर्षाअखेरी त्या पेट्या उघडल्या जात.

आता बाबासाहेबांविषयी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा झाल्यावर ख्रिस्ती धर्मप्रमुखांनीही त्यांच्याशी संपर्क साधला, आणि बाबासाहेबांनी तो मार्ग स्वीकारला नाही, हे सर्वश्रुत आहे. भारतातील ख्रिस्ती मिशनांवर त्यांनी विस्ताराने लिहिले आहे. ते लेखन महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या पाचव्या खंडात आहे. सभेत ज्या बंधूंनी आक्षेप घेतला त्यांनी ते वाचलेले होते. आमच्यातील पुष्कळांनी वाचलेले नव्हते, हे कबूल करावयास हवे. बाबासाहेबांची टीका कठोर आहे. मिशनांनी शाळा-महाविद्यालये आणि रुग्णालये यांवर जो पैसा ओतला त्याचा लाभ प्रामुख्याने उच्चवर्णीय हिंदूंनी घेतला. ज्या अस्पृश्यांनी धर्म बदलला ते चर्चमध्येही जातीनेच वेगळे बसले. आणि आपल्या ऐहिक हक्कांसाठी झगडण्याची धारही त्यांच्यात उरली नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

हे वाचून "म्हणून काही देऊ नये" असा निष्कर्ष काढणे आम्हांला पटत नाही. आम्हांला त्यातून एक कसोटी दिसते: पैसा कोणापर्यंत पोहोचतो? ती कसोटी लावून पाहावी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करून, पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्यांनी १९७० साली जामखेडचा प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावच्या आरोग्याची जबाबदारी कोणाकडे दिली? गावातल्याच स्त्रियांकडे. त्यांतील कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्याच हातून गावाने मुलांना औषध पाजले, तिनेच बाळंतपणे केली. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाबासाहेबांच्या कसोटीला हे काम उतरते. जे मिशन रुग्णालय उतरत नसेल, शहरात राहून पैसेवाल्यांनाच खाटा देत असेल, त्याला देऊ नये. नावात क्रूस आहे म्हणून देऊ नये आणि नावात क्रूस आहे म्हणून नाकारूही नये.

आणखी एक गोष्ट. नगर जिल्ह्यातील अनेक गावांत महारवाड्याचा एक भाग ख्रिस्ती झाला आणि दुसरा १९५६ नंतर बौद्ध. आडनावे तीच, सोयरिकींच्या आठवणी त्याच. आमच्या बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० साली मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्या त्या भावकीला १९५० च्या आदेशाने वगळले ते आजतागायत. "पोटासाठी बाटले" हा टोमणा त्यांनी ऐकला. "सवलतींसाठी बौद्ध झाले" हा आम्ही ऐकला. मिशनच्या दवाखान्याबाहेर रांगेत बसणारे कोण आहेत, हे आमच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

अन्य पंथाला दान देण्याविषयी तथागतांची भूमिका काय होती, हा प्रश्न सभेत कोणीतरी विचारला आणि तो तसाच राहिला. मज्झिमनिकायात उपालीची कथा आहे. उपाली हा नालंदेचा धनिक गृहस्थ, निगंठांचा निष्ठावंत उपासक. तो बुद्धाशी वाद करावयास आला आणि शरण गेला. बुद्धाने त्याला आधी नीट विचार करण्यास सांगितले, आणि शरण घेतल्यावरही बजावले, की तुझे घर दीर्घकाळ निगंठांचा आधार आहे, तेव्हा ते दारी आले तर त्यांना भिक्षा देत जा. वैशालीच्या सिंह सेनापतीलाही हाच उपदेश झाला. धर्म बदलला म्हणून दानाचा हात आखडू नये, हे स्वतः तथागतांनी नवदीक्षिताला सांगितले. आम्ही सारेच नवदीक्षितांची लेकरे आहोत.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील उषवदाताचा लेखही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. उषवदात नहपानाचा जावई, वंशाने शक. म्हणजे मूळचा बाहेरचा. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही. व्याजातून भिक्खूंना चीवरे आणि इतर खर्च. त्याच लेखात नारळाच्या आठ हजार झाडांच्या दानाचा उल्लेख आहे. हाच उषवदात त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात ब्राह्मणांना दिलेल्या दानांची लांबलचक यादी देतो. नाणे हातात देण्यापेक्षा वाढणारी वस्तू द्यावी, आणि एकाच पंथाला देऊन थांबू नये, या दोन्ही गोष्टी आमच्या सह्याद्रीच्या कातळावर सुमारे एकोणीसशे वर्षांपासून कोरलेल्या आहेत.

वाढणारी वस्तू म्हणताच शेअरच्या हिशेबाकडे येणे भाग आहे, कारण सभेत सर्वांत मोठा गोंधळ येथेच झाला. "शेअर विकून पैसे का देत नाही?" असे अनेकांनी विचारले. समजा, शेअर दोन हजार डॉलरला घेतले आणि आज ते बारा हजारांचे आहेत. विकले तर दहा हजारांच्या नफ्यावर केंद्राचा पंधरा टक्के आणि मॅसॅच्युसेट्सचा पाच टक्के, म्हणजे दोन हजार डॉलर कर जातो. हाती दान देण्यास दहा हजार उरतात. तेच शेअर न विकता धर्मादाय संस्थेच्या खात्यात हस्तांतरित केले, तर संस्था ते विकते, तिला कर नाही, आणि तिच्या हाती पूर्ण बारा हजार पडतात. देणाऱ्याला वजावटही बारा हजारांचीच. ज्यांचे उत्पन्न अधिक आहे त्यांना केंद्राचा कर वीस टक्के आणि त्यावर आणखी ३.८ टक्के लागतो; त्यांच्या बाबतीत फरक याहून मोठा.

यात पथ्ये आहेत. शेअर वर्षाहून अधिक काळ आपल्याकडे असले पाहिजेत. अन्यथा वजावट मूळ किमतीपुरतीच मिळते. कंपनीकडून पगाराचा भाग म्हणून मिळालेल्या शेअरांचे वर्ष ते प्रत्यक्ष आपल्या नावे झाले त्या दिवसापासून मोजावे, आणि मूळ किंमतही त्या दिवसाचीच धरावी. आमच्यातील संगणक क्षेत्रातील मंडळी येथे नेहमी चुकतात. जे शेअर तोट्यात आहेत ते कधीही दान देऊ नयेत. ते विकावे, तोटा आपल्या विवरणपत्रात घ्यावा आणि रोख रक्कम द्यावी. अशा शेअरदानाची वजावट वर्षाच्या समायोजित उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंत मिळते, आणि उरलेली पुढील पाच वर्षे वापरता येते. २०२६ पासून उत्पन्नाच्या पहिल्या अर्ध्या टक्क्याइतके दान वजावटीत धरले जात नाही. ज्यांना प्रमाणित वजावटच फायद्याची पडते, त्यांनी दोन-तीन वर्षांचे दान एकाच वर्षी एकत्र करावे. त्यासाठी 'डोनर अॅडव्हाइज्ड फंड' नावाची सोय आहे. मात्र त्या खात्यातून जयंतीच्या भोजनाची तिकिटे घेता येत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो, कारण कोणीतरी विचारणारच. पुण्यातील फ्लॅट किंवा गावची शेतजमीन देण्याचा विषय निराळा आणि किचकट. तो येथे नको.

भारतातील संस्थेला येथून थेट पैसे पाठवले तर अमेरिकेत वजावट मिळत नाही. म्हणून दान येथील नोंदणीकृत संस्थेला द्यावे लागते, आणि ते पुढे कसे वापरावे याचा अंतिम अधिकार त्या संस्थेकडेच असावा लागतो. भारतातील रुग्णालयाजवळ परकीय देणगीच्या कायद्याखालील वैध नोंदणी असली पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच जमा होतात, आणि एका संस्थेला ते दुसरीकडे वळवता येत नाहीत. काही मोठ्या ख्रिस्ती संस्थांची नोंदणी अलीकडच्या वर्षांत रद्द झाली आहे. तेव्हा नोंदणी आज चालू आहे काय, हे आधी पाहावे. ही दक्षता त्या तरुणाच्या शंकेचेही उत्तर आहे. दानपत्रात "केवळ रुग्णसेवेसाठी" असे लिहून द्यावे, आणि गावी कोणी विचारले तर तेच कागद दाखवावे. यात लपवण्यासारखे काही नाही.

राहिला विहाराचा प्रश्न. या बाबतीत आम्ही स्वतःलाच दोषी धरतो. सभा संपल्यावर आम्ही खुर्च्या आवरीत होतो, तेव्हा जिन्याजवळच्या फलकावर चर्चची एक सूचना दिसली: शेअर दान द्यावयाचे असल्यास खजिनदारांना भेटावे. कितीतरी वर्षे आम्ही त्या फलकासमोरून ये-जा करीत होतो. पुढील आठवड्यात आमचे खजिनदार त्यांच्या खजिनदारांना भेटले. त्या ऐंशीच्या घरातील आजीबाई. त्यांनी आपली वही उघडून दाखवली. संस्थेच्या नावाचे एक साधे खाते, दोन सह्या, कार्यकारिणीचा ठराव, शेअर आले की त्याच दिवशी विक्री, आणि देणाऱ्याला पोचपावती. पावतीवर शेअरची संख्या आणि नाव लिहायचे, किंमत लिहायची नाही. ती देणाऱ्याने स्वतः काढावयाची. चर्चच्या अन्नछत्राचा बराचसा खर्च अशाच दानांतून चालतो, असे त्या म्हणाल्या. आमच्या मंडळाला करमुक्त संस्थेचा दर्जा मिळून वर्षे लोटली, पण असे खाते आम्ही कधी उघडलेच नाही. उद्या कोणी विहारासाठी पन्नास हजारांचे शेअर देऊ म्हणाले, तर ते घ्यावयास आमच्याजवळ ओंजळच नाही. आपले विहार झाले नाही ते मिशनला दिल्यामुळे नव्हे.

बाबासाहेबांनी नागपूरच्या भाषणात उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी मागितला होता. तो विहारासाठीच राहावा. मिशन रुग्णालयाचे दान त्यातून कापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाढलेल्या शेअरांत जी रक्कम एरवी करात गेली असती तिच्यातूनच दोन्हीकडे देण्यासारखे पुष्कळ निघते. ज्या ज्येष्ठ बंधूंनी पहिला आक्षेप घेतला, त्यांच्याशी आमचे याविषयी दोनदा बोलणे झाले आहे. धर्मप्रचाराच्या कामाला एक डॉलरही जाऊ नये, या त्यांच्या अटीशी आम्ही सहमत आहोत आणि ठरावात ते वाक्य त्यांच्याच शब्दांत घातले आहे. ते अनुकूल मत देतील की नाही, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही.

सुधारलेला ठराव मार्चच्या सभेत येत आहे. त्याचे दोन भाग आहेत: मंडळाच्या नावे शेअर स्वीकारण्याचे खाते उघडणे, आणि ताईंच्या कुटुंबाच्या दानाला मंडळाचे आवाहन जोडणे. सभा त्याच तळघरात, दुपारी दोन वाजता. ज्यांना आपल्या शेअरांचा हिशेब तपासून पाहावयाचा आहे त्यांनी खरेदीची तारीख आणि किंमत लिहून आणावी; मंडळातील दोन कर सल्लागार सभेनंतर तासभर थांबणार आहेत.